आईंनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

आमच्या चर्चच्या भगिनी मंडळात त्या दिवशी वचन सांगायची पाळी माझी होती आणि विषयही मीच निवडला होता, ममता. बायबलमधलं गलतीकरांस पत्र, पाचवा अध्याय, आत्म्याच्या फळाची ती यादी आपल्याला संडे स्कूलपासून पाठ असते, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि मग पाचवी ममता. पहिल्या तिघांवर सगळेच बोलतात, सहनशीलतेवर तर मीच दोनदा बोललेय, म्हणून म्हटलं या वेळी जरा वेगळं घेऊ.

सहाला निघायचं होतं. साडेपाच वाजले तरी मी लॅपटॉपवर शेवटचा मुद्दा टाईप करत होते आणि तेवढ्यात आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मोबाईल घेऊन शेजारी येऊन उभ्या राहिल्या. नातवाचा फोटो आला होता आणि तो मोठा कसा करायचा ते त्यांना कळत नव्हतं. मी दाखवलं. दोन मिनिटांत परत आल्या, त्यांचं बोट स्क्रीनवर जरा जास्त वेळ टेकतं आणि मग भलतंच काहीतरी उघडतं. परत दाखवलं, या वेळी मान वर न करता. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी त्यांच्या हातातून फोन घेतला, घेतला कसला हिसकावलाच, फोटो मोठा केला, हातात परत दिला आणि म्हणाले, "आई, किती वेळा सांगायचं?"

आवाज चढवला नव्हता हं मी. पण आवाज न चढवता समोरच्याला गप्प बसवायची एक कला असते आणि ती माझ्याकडे भरपूर आहे. आई म्हणाल्या, "राहू दे गं, तू तुझं काम कर." आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. फोन मांडीवर पालथा ठेवला. फोटो न बघताच.

मी गेले आणि ममतेवर पंचवीस मिनिटं बोलले. छान झालं म्हणे. एक जण तर जवळ येऊन म्हणाली की तुमच्या बोलण्यातच ममता आहे हो, आणि मी हसून प्रभूची स्तुती असो वगैरे म्हटलं, आणि रिक्षात बसल्यावर मला तो पालथा फोन आठवला. तोपर्यंत आठवला नव्हता, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे.

नंतर काही दिवसांनी मला एका प्रयोगाबद्दल वाचायला मिळालं आणि मी अक्षरशः पुस्तक मिटून बसून राहिले. 1973 साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो छापला, प्रयोग केला होता अमेरिकेत प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरीच्या विद्यार्थ्यांवर, म्हणजे उद्याचे पाळकच की. त्यांना एक छोटं भाषण तयार करायला सांगितलं, काहींना नोकरीधंद्याबद्दलचा विषय आणि काहींना चक्क चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसासाठी थांबणाऱ्याची येशूने सांगितलेली गोष्ट. मग सांगितलं की भाषण शेजारच्या इमारतीत रेकॉर्ड होणार आहे, तिकडे जा. काहींना म्हटलं निवांत जा, वेळ आहे, काहींना म्हटलं ते तयारच आहेत, निघा, आणि काहींना म्हटलं अरे तुम्हाला उशीर झालाय, ते केव्हाचे वाट बघतायत, पळा. वाटेतल्या बोळात एक माणूस दारात कोसळून बसलेला, खोकतोय, कण्हतोय. तो अर्थातच प्रयोगातलाच होता.

निवांत निघालेल्यांपैकी 63 टक्के जणांनी त्याच्यासाठी काहीतरी केलं. मधल्या गटात 45 टक्के. आणि घाईत असलेल्यांत फक्त 10 टक्के. भाषणाचा विषय शोमरोनी होता की नोकरी, याने म्हणावा असा फरक पडला नाही. काही जण तर शोमरोन्यावर बोलायला जाताना त्या माणसाला ओलांडून गेले, खरोखर पाय उचलून ओलांडून.

मी पण ओलांडूनच गेले होते की. माझा माणूस दारात नव्हता, खुर्चीत बसला होता एवढाच फरक.

पण त्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट नोंदवलीय जी मला जास्त महत्त्वाची वाटली. न थांबलेल्यांपैकी बरेच जण पोचले तेव्हा अस्वस्थ होते, घालमेल चाललेली. म्हणजे ती मुलं दगडाच्या काळजाची नव्हती, त्यांना कोणीतरी तिकडे वाट बघतंय हे पण खरं वाटत होतं आणि हा इथे पडलाय हे पण दिसत होतं, आणि दोन्हीत अडकली. मला हे वाचून जरा धीर आला आणि जरा भीतीपण वाटली. धीर यासाठी की मी वाईट आहे असं नाही. भीती यासाठी की चांगलं असून काही उपयोग नाही, घड्याळ पुढे असलं की चांगुलपणा मागच्या सीटवर जाऊन बसतो.

त्यानंतर मी शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या आयुष्याची पुस्तकं, जरा वेगळ्या नजरेने वाचायला लागले. एकच बघायचं, प्रभू थांबतो कुठे. आणि काय सांगू, तो सारखा थांबतो! मार्काचा पाचवा अध्याय घ्या. याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी पायाशी पडलाय, त्याची लेक मरायला टेकलीय, आता याच्यापेक्षा अर्जंट काय असणार, अ‍ॅम्ब्युलन्सच आहे ती एक प्रकारे. प्रभू निघालाय, गर्दी चेंगराचेंगरी करतेय, आणि बारा वर्षं रक्तस्रावाने त्रासलेली एक बाई मागून येऊन वस्त्राला हात लावते आणि बरी होते. काम झालं ना? ती बरी झाली, तिला कोणी बघितलं नाही, तिलाही तेच हवं होतं, पुढे चला. तो थांबतो. विचारतो, मला कोणी स्पर्श केला. शिष्य वैतागतात, एवढी गर्दी आहे आणि तुम्ही विचारता कोणी स्पर्श केला. तो इकडे तिकडे बघत राहतो. मग ती बाई थरथरत पुढे येते आणि मार्क लिहितो की तिने त्याला सगळं खरं खरं सांगितलं. बारा वर्षांचं सगळं! त्याला किती वेळ लागला असेल? आणि याईर तिथेच उभा आहे, मी त्याच्या जागी असते तर काय झालं असतं माझं कोणास ठाऊक. तिचं सगळं ऐकून तो तिला "मुली" म्हणतो.

आणि तो बोलत असतानाच निरोप येतो की याईराची मुलगी गेली.

पुढे ती मुलगी उठते हे आपल्याला माहीत आहे, आणि बारा वर्षांची होती हेही मार्क सांगतो, म्हणजे ही बाई जेवढी वर्षं आजारी तेवढंच त्या पोरीचं वय. पण मला तो मधला वेळ सोडवत नाही. प्रभूला घाई करायला सगळ्यात चांगलं कारण होतं आणि तरी तो घाईत नव्हता. पुढे दहाव्या अध्यायात बार्तीमय आंधळा रस्त्याकडेला बसून ओरडतोय, लोक त्याला गप्प बस म्हणतायत, आणि तिथेही येशू थांबतो. यरुशलेमेला, वधस्तंभाकडे निघालेला माणूस. मी भगिनी मंडळाकडे निघाले होते.

आता जरा शब्दाबद्दल बोलते, कारण मला त्यात फार मजा आली. मराठी पवित्र शास्त्रात जिथे ममता आहे तिथे मूळ ग्रीक शब्द आहे ख्रेस्टोटेस. त्याचं विशेषण ख्रेस्टोस. म्हणजे चांगला, उपयोगी, हिताचा, सौम्य. आणि हाच शब्द आणखी कुठे येतो माहितीये का, मत्तय 11 मध्ये, "माझे जू सोयीचे" असं प्रभू म्हणतो ना, ते सोयीचे म्हणजे ख्रेस्टोस! मानेला काचत नाही असं जू. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय की येशू सुतारकाम करताना नांगर आणि जू बनवायचा. ते खरं धरलं तर जू कुठे काचतं आणि कुठे घासून गुळगुळीत करावं लागतं हे त्याला हाताने माहीत असणार, आणि माझ्यासाठी ममतेची याच्याइतकी चांगली व्याख्या दुसरी नाही. काम तेच, ओझं तेच, फक्त समोरच्याच्या मानेला काचायचं नाही. आईंना फोटो मोठा करून मी दिला होताच की. काम झालं होतं. पण काचलं होतं.

आणि एक गंमत. ख्रेस्टोस आणि ख्रिस्टोस, म्हणजे ख्रिस्त, हे शब्द कानाला इतके सारखे की रोमन लोक गोंधळायचे. स्युटोनियस नावाचा इतिहासकार लिहितो की क्रेस्टस नावाच्या कुणाच्या तरी चिथावणीने दंगे होत होते म्हणून सम्राट क्लॉडियसने यहुद्यांना रोममधून घालवून दिलं, आणि हे ख्रिस्ताच्याच नावाचं चुकीचं स्पेलिंग असावं असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. साधारण 197 साली तर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक तर विरोधकांना ऐकवतो की तुम्ही आम्हाला चुकून क्रेस्टियन म्हणता, पण तोही शब्द गोडव्यावरून आणि भलेपणावरूनच येतो! म्हणजे आमचं नाव नीट घेता येत नाही आणि चुकीचं घेता तेव्हाही तुम्ही आमचं कौतुकच करता. आज मला कोणी हाक मारताना अशी चूक करेल का, हा प्रश्न मी स्वतःला विचारून बघितला आणि लगेच दुसरं काम काढलं.

मराठीत मात्र या शब्दाची एक अडचण आहे ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ममता म्हटलं की आपल्याला आईच दिसते. बाईचं नावच असतं ते. त्यामुळे होतं काय की हे फळ आपोआप बायकांच्या टोपलीत टाकलं जातं, पुरुष मंडळींनी विश्वासूपणा आणि इंद्रियदमन बघायचं आणि ममता आम्ही. पौलाने ते पत्र गलतीयातल्या मंडळ्यांना लिहिलं, भगिनी मंडळाला नाही. आणि दुसरं म्हणजे "तू ख्रिस्ती आहेस ना, मग समजून घे" हे वाक्य किती घरांत किती बायकांना मार खाताना, अपमान सहन करताना ऐकवलं गेलंय. ती ममता नव्हे. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं करताना प्रभू आजूबाजूच्यांकडे रागाने बघतो, त्यांच्या मनाच्या कठीणपणाचं त्याला दुःखही होतं, आणि त्याच रागात तो एकाचा हात बरा करतो. गोडगोड वागणं वेगळं आणि ममता वेगळी. गोड वागण्यात मला स्वतःला चांगलं वाटून घ्यायचं असतं. याच्यावर कधीतरी वेगळं लिहीन, आज नको, नाहीतर आईंचा फोन बाजूलाच राहील.

तर मग करायचं काय. "आजपासून मी प्रेमाने वागेन" असा निश्चय मी वर्षातून चार वेळा करते आणि तो सोमवार दुपारपर्यंत टिकतो. आत्म्याचं फळ म्हटलंय म्हणजे ते तोच देणार, ओढून लांब होत नाही, हे मला मान्य आहे, पण कलस्सैकरांस पत्रात तोच पौल म्हणतो की करुणा, ममता, लीनता हे सगळं अंगावर घाला, कपड्यांसारखं. म्हणजे एका ठिकाणी फळ आणि एका ठिकाणी सदरा! फळ झाडाला झोपेतही धरतं. सदरा मात्र रोज सकाळी उठून आपणच घालायचा, बटणं लावायची, आणि कधी घाईत वरचं बटण खालच्या काजात जातं, मग सगळी बटणं काढून परत लावायची.

मी पहिल्यांदा जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या इग्नेशियस लोयोलाची पद्धत करून बघितली. त्याचं स्पिरिच्युअल एक्सरसाइजेस 1548 साली छापलं गेलं, त्यात एका विशिष्ट दोषावर लक्ष ठेवायची एक रीत आहे, एकदम हिशेबी. दिवसासाठी रेघा आखायच्या आणि तो दोष घडला की रेघेवर एक ठिपका. दुपारी मोजायचं, रात्री मोजायचं, आजची रेघ कालच्याशी ताडून बघायची. आणि दोष घडला त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा, चारचौघांतही कोणाच्या लक्षात न येता ठेवता येतो असं तोच म्हणतो. मी माझा दोष ठरवला, तुटक बोलणं. डायरीत रेघा आखल्या. पहिल्या दिवशी अकरा ठिपके! मला वाटलं होतं दोन-तीन असतील. त्यातले आठ घरातले होते आणि आठातले पाच आईंना. ऑफिसात मी दिवसभर "नक्की सर", "काही हरकत नाही मॅडम" करत असते, मग घरी येऊन चप्पल काढतानाच तोंडाला लावलेली क्लिप पण काढून ठेवते बहुतेक.

ठिपके तिसऱ्या आठवड्यात बंद केले. कारण कमी झाले तेव्हा मी खूश व्हायला लागले, आणि एकदा तर मी आईंशी नीट बोलले आणि बोलता बोलता मनात म्हटलं, चला, ठिपका वाचला. म्हणजे आई राहिल्या बाजूला, माझी डायरी स्वच्छ. ही पद्धत चुकीची आहे असं मी म्हणत नाही, चारशेहून जास्त वर्षं लोक करतायत, मलाच ती झेपली नाही. पण छातीवर हात ठेवायची सवय राहिली. ती चांगली आहे. तोंडातून शब्द निघून गेल्यावर ठेवला तरी पुढचा शब्द अडतो.

जी गोष्ट खरी उपयोगी पडली ती फारच साधी आहे, इतकी की लिहायला संकोच वाटतो. पंधरा मिनिटं लवकर निघणं. बस. ममतेला वेळ लागतो, आणि माझ्याकडे तो नव्हताच, मी दिवस असा कोंबून भरायचे की मधे कोणी काही विचारलं की ते चोरीच वाटायचं. आता निघायची वेळ सहाची असेल तर मी ती स्वतःला पावणेसहा सांगते आणि मधला वेळ रिकामा ठेवते, त्यात कोण येईल ते माहीत नाही. कधी कोणीच येत नाही, मग मी चप्पल घालून दारात उभी असते उगाच. शेजारच्या काकूंना वाटतं मी कोणाची तरी वाट बघतेय. आणि बघतच असते की एका अर्थी.

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठासाठी जे नियम लिहिले त्यात द्वारपालावर एक पूर्ण प्रकरण आहे, 66 वं. दारावर शहाणा म्हातारा माणूस ठेवा म्हणतो, ज्याला इकडे तिकडे भटकायची हौस उरलेली नाही. आणि कोणी दार वाजवलं किंवा बाहेरून गरीब माणसाने हाक मारली की त्याने लगेच म्हणायचं, देओ ग्रातियास, देवाचे आभार. कोण आलंय ते बघायच्या आधी! माझा फोन वाजला की माझ्या तोंडून निघतं "आता कोण". अगदी तेच दोन शब्द, दिवसातून पंधरा वेळा. मी ते बदलायचा प्रयत्न करतेय, मनातल्या मनात देवाचे आभार म्हणून मग फोन उचलायचा, आणि समोरून कर्ज हवंय का विचारणारी मुलगी असते तेव्हा मला हसू येतं. पण हसत हसत नको म्हटलं की तीही जरा नीट बोलते. त्या पोरीला दिवसभर लोक काय काय ऐकवत असतील.

त्याच नियमांत 31 व्या प्रकरणात मठाच्या कोठारप्रमुखाबद्दल आहे. कोणी काही मागितलं आणि द्यायला नसेल तर निदान चांगला शब्द दे, म्हणतो. मला हे फार आवडतं कारण यात नाही म्हणायची परवानगी आहे. ममता म्हणजे प्रत्येकाला हो म्हणणं हा माझा जुना गैरसमज होता आणि त्यामुळेच मी आतून धुमसत असायचे, बाहेरून हो, आतून ठिपके.

लिझ्यूच्या संत तेरेजाबद्दल मला आधी फारसं प्रेम नव्हतं, हातात गुलाब घेतलेलं ते चित्र बघून वाटायचं ही आपल्यातली नाही. 1873 चा जन्म, 1897 ला गेली, चोवीस वर्षांचं आयुष्य आणि त्यातली शेवटची नऊ कार्मेल मठात. मग तिचं आत्मचरित्र वाचलं आणि मत बदललं. कपडे धुताना समोरची सिस्टर सारखं घाण पाणी तिच्या तोंडावर उडवायची. प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी एक जण काहीतरी बारीक कटकट आवाज करायची आणि तेरेजाला घाम फुटायचा, म्हणजे खरोखर घाम, वळून बघावंसं वाटायचं आणि ती बघायची नाही. आणि एक सिस्टर होती जिच्यातलं तिला काहीच आवडायचं नाही. तिच्याशी ती इतकी छान वागली की त्या सिस्टरनेच एकदा विचारलं, तुम्हाला माझ्यात इतकं काय आवडतं, मला बघून नेहमी हसता! पण मला सगळ्यात आपली वाटली ती तिची कबुली की अगदीच तोंडावर शब्द यायला लागले की ती तिथून पळून जायची. सैन्यातून पळून जाणाऱ्या शिपायासारखी. संत तेरेजा जिना उतरून पळतेय हे चित्र डोळ्यासमोर आणा, गुलाबाच्या चित्रापेक्षा हे जास्त खरं आहे. मी पण आता पळते. पाण्याचा ग्लास भरून आणते म्हणून उठते, दोन मिनिटं नळाजवळ उभी राहते आणि परत येते.

या सगळ्यात "किती वेळा सांगायचं" हे वाक्य मात्र माझी पाठ सोडत नव्हतं. एक दिवस मत्तय 18 वाचताना थबकले, येशूचा शिष्य पेत्र येऊन विचारतो, प्रभू, भावाने माझा अपराध केला तर मी त्याला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? किती वेळा! तोच प्रश्न. मला वाटतं सात म्हणताना पेत्राला आपण फार मोठं मन दाखवतोय असं वाटलं असणार. आणि आईंनी तर तीनदाच विचारलं होतं, अपराधही नव्हता केलेला.

मग स्तोत्र 136. हे स्तोत्र मला लहानपणी प्रचंड कंटाळवाणं वाटायचं, सव्वीस ओव्या आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी तेच, त्याची दया सनातन आहे. संडे स्कूलमध्ये टीचर पहिला भाग म्हणायच्या आणि आम्ही मुलं दुसरा भाग रेकत म्हणायचो, दहाव्या ओवीनंतर नुसता आवाज काढायचो. तांबडा समुद्र दुभागला, त्याची दया. राजे मारले, त्याची दया. अन्न देतो, त्याची दया. हिब्रूत तो शब्द हेसेद आहे, सव्वीस वेळा. परवा ते वाचताना पहिल्यांदा वाटलं की यात विसरणारा माणूस आहे. ज्याला एकदा सांगून लक्षात राहत नाही. आणि सांगणारा पंचवीस वेळा सांगून सव्विसाव्यांदा त्याच आवाजात सांगतोय, मान वर करून.

माफी मागायला मला सहा दिवस लागले होते हेही सांगून टाकते. त्या रात्री मंडळातून आले तेव्हा आई झोपल्या होत्या, दुसऱ्या दिवशी त्या अगदी नॉर्मल होत्या, मग वाटलं आता कशाला उकरून काढायचं. शेवटी रविवारी प्रभूभोजनाच्या आधी जी शांतता असते तेव्हा बाकावर शेजारी बसल्या होत्या तिथेच हळूच म्हटलं, "आई, त्या दिवशी फोटोचं... मी नीट बोलले नाही." त्यांना ऐकू कमी येतं. त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "काय?" पुढच्या दोन ओळींनी मागे वळून बघितलं. मी परत सांगितलं, जरा मोठ्याने. त्या म्हणाल्या, "कुठला फोटो?"

मला अजूनही कळलेलं नाही की त्या खरंच विसरल्या होत्या की मला सोडवत होत्या.

गेल्या बुधवारी परत मंडळ होतं, वचन दुसऱ्या कोणाचं तरी होतं, मी नुसती जाणार होते. पावणेसहाला चप्पल घालून दारात उभी होते आणि आई फोन घेऊन आल्या. नवीन फोटो आला होता. मी चप्पल काढली आणि त्यांच्याशेजारी बसले, करून दिलं नाही, त्यांची दोन बोटं माझ्या हातात धरून स्क्रीनवर ठेवली आणि हळूहळू लांब केली. पहिल्यांदा भलतंच उघडलं. दुसऱ्यांदा फोटो बाजूला सरकून गेला. चौथ्या की पाचव्या वेळी त्यांना एकदम जमलं, बोटं लांब झाली आणि नातू मोठा झाला, आणखी मोठा, आणि त्या थांबेचनात, शेवटी स्क्रीनवर नुसता एक कान राहिला.

"हे बघ," आई म्हणाल्या, "कान अगदी ह्यांच्यावर गेलाय."

सासऱ्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी त्यांच्या कानाकडे कधी बघितलंच नव्हतं. मग आईंनी सांगायला सुरुवात केली, आणि मंडळात त्या दिवशी काय वचन झालं ते मला दुसऱ्या दिवशी फोन करून विचारावं लागलं.